फ्री म्हणजे काय

वडिलांचा फोन आला तेव्हा ती शब्दकोशाच्या कचेरीत नेमकी ‘फ्री’ या शब्दाशी झगडत होती. मोकळा, फुकट, स्वतंत्र असे तीन अर्थ लिहून तिने पेन खाली ठेवलं होतं. हातात चहाचा कप होता.

“फ्री आहेस का गं?”

“नाही हो बाबा, मान वर करायला फुरसत नाही.”

“बरं बरं. तुझं शिलाई मशीन झालंय, एवढंच. चाक कसं फ्री फिरतंय, बघ येऊन.”

“‘सुरळीत’ म्हणा ना बाबा. चांगला शब्द आहे.”

“म्हणतो की. पण मशीनला कळायला हवा!” स्वतःच्याच विनोदावर ते खूश झाले. “संध्याकाळी कर फोन. सावकाश.”

संध्याकाळी तिने फोन केला नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी दुकानाचं शटर वर करतानाच ते कोसळले. शेजारच्या चष्मेवाल्याने कळवलं तेव्हा सगळं संपलं होतं.

चाळीस वर्षं त्यांनी शिलाई मशीनं दुरुस्त केली. शब्द मोजकेच: जाम, टाइट, फ्री. जाम झालेलं चाक तेल पाजून फ्री केलं की स्वारी खुशीत. पण आटे झिजलेला स्क्रू नुसता गरगर फिरू लागला की तोंड वाकडं करून म्हणायचे, “हा फ्री झाला. आता कशालाच धरत नाही.”

“बाबा, फ्री म्हणजे चांगलं की वाईट? काहीतरी एक ठरवा,” ती चिडवायची.

“ते कोण फिरतंय त्यावर आहे.”

पंधरा दिवसांनी तिने दुकान उघडलं. हे पंधरा दिवस ती नुसती फिरत होती, या खोलीतून त्या खोलीत. कशालाच धरत नव्हती.

मशीन टेबलावर पुसून ठेवलेलं होतं. चाकाला दोऱ्याने चिठ्ठी बांधली होती, पेन्सिलीने लिहिलेली: ‘लेकीचं. चाक फ्री. लेक फ्री झाली की नेईल.’

तिने चाकाला बोट लावलं. जराही कुरकुर न करता ते फिरलं, सुई खाली गेली, वर आली. ती त्यांच्या स्टुलावर बसली.

“बाबा,” ती मोठ्याने म्हणाली, “मी फ्री होते हो. तेव्हाही. नुसती चहा पीत बसले होते.”