उंबरवाडीचा फोन

पिंपळवंडीचे हौशीराम खासदार होऊन वर्ष होत आलं, तरी लोकसभेत त्यांच्या तोंडून शब्द फुटला नव्हता. हिंदी अडखळत, इंग्रजीच्या नावानं पूज्य. 'मुका खासदार' हे लोकांनी ठेवलेलं नाव त्यांच्याही कानावर आलं होतं.

१९९७च्या फेब्रुवारीत ते जुन्नर तालुक्यातल्या मढच्या वरच्या अंगाला, डोंगरातल्या उंबरवाडीला गेले. तिथं सारजाबाईनं धुळीनं माखलेला एक फोन त्यांच्यापुढं आणून ठेवला. वाडीसाठी म्हणून तो तिच्या घरी बसवला होता. दोन वर्षांत एकदाही वाजला नव्हता. श्रावणात तिची सून अडली, तेव्हा गाडी बोलवायला सोय नव्हती. डोलीतून मढच्या दवाखान्यात नेईस्तोवर बाळ गेलं.

"भाऊ, ह्यो दिल्लीला न्या," सारजाबाई म्हणाली. "तितल्या लोकांस्नी म्हनावं, कानाला लावून बगा."

हौशीरामांनी फोन पिशवीत घातला. दिल्लीत लोकसभेत त्याबद्दल लेखी प्रश्न दिला. छापील उत्तर आलं : उंबरवाडीतला दूरध्वनी चालू आहे. वाचताना त्यांची कानशिलं तापली.

मराठीत बोलणार असल्याचं त्यांनी आधीच कळवलं, म्हणजे दुभाषा मिळतो. त्या उत्तरावर पूरक प्रश्न विचारण्यासाठी त्यांचं नाव पुकारलं. बाकाला धरून ते उभे राहिले.

"अध्यक्ष महाराज, मंत्रीसाहेब म्हणतात फोन चालू हाय. मग त्यो वाजला की मलाच घ्यावा लागंल. कारन त्यो माझ्या पिशवीत हाय."

आणि त्यांनी फोन बाहेर काढला.

हशा दोनदा उठला. मराठी कळणाऱ्यांचा आधी, कानाला भाषांतराचं यंत्र लावलेल्यांचा मागून. सभागृहात वस्तू दाखवता येत नाही, असं अध्यक्षांनी बजावलं. हौशीरामांनी हात जोडले, फोन खाली ठेवला आणि सारजाबाईच्या सुनेची हकीकत सांगितली. 

"यो चालू आसता, तर ते लेकरू आज रांगत आसतं," ते म्हणाले.

कुणी हसलं नाही. मंत्र्यांनी हातातला कागद बाजूला सारला. "मला मिळालेली माहिती चुकीची आहे," ते म्हणाले. "जुन्नर आणि आंबेगावातला प्रत्येक फोन महिन्याभरात जागेवर जाऊन तपासला जाईल."

तपासणी झाली. कागदावर चालू असलेले सदतीस फोन मुके निघाले. पावसाळ्याच्या आत महाळुंगे पडवळपासून उंबरवाडीपर्यंत सगळे वाजू लागले. हौशीराम मग थांबले नाहीत. एसटी, शाळा, डोंगरातले दवाखाने, ज्या चर्चेत बघावं तिथं त्यांचा हात वर.

पुढच्या वर्षी जुलैत, अधिवेशन चालू असताना, सकाळीच त्यांच्या दिल्लीच्या घरी फोन आला.

"भाऊ, सारजाबाई बोलतीया! काल जीप बोलावली, तासात आली. सूनबाईला पोरगी झाली, लई गुटगुटीत हाय!"

 घरात पेढे नव्हते. हौशीरामांनी गावाहून आणलेला गूळ फोडला, शेजारच्या बिहारी खासदाराचं दार ठोठावलं आणि झोपेतून उठलेल्या त्या माणसाच्या तोंडात खडा घातला.