नाकापेक्षा लेन्स जड

बाबांसाठी कुठला कॅमेरा घ्यायचा हे थोरलीने आधीच ठरवून टाकलं होतं. सासरी काय नि माहेरी काय, सगळ्यांचं सगळं तीच ठरवायची. जन्मभर लोकांच्या दाढ्या केलेल्या बाबांनी सलून बंद केल्यावर 'कालव्यावरच्या जनावरांचे फोटो काढायचेत' म्हणावं, याचं तिला भारी कौतुक. ते तिने ऑफिसात चारचौघांना सांगितलं, आणि सांगता सांगता कॅमेरा मोठा होत गेला. आता लहान घेतला तर नाक कापलं जाणार होतं. बाबांचं नव्हे, तिचं.

दुकानात बाबा एका छोट्या कॅमेऱ्यापाशी रेंगाळले. लेन्स अंगचीच, काढा-घालायची भानगड नाही. त्यांनी तो डोळ्याला लावला आणि भिंतीवरचं कॅलेंडर जवळ आणून बघत राहिले.

"याचा आवाज होतो का हो?" त्यांनी दुकानदाराला विचारलं.

"बंद करता येतो, काका."

"मग हाच बरा."

"अहो बाबा, खेळणं आहे ते!" थोरली म्हणाली. "जंगलात फिरणारे लोक असलं घेऊन जातात का? तो मोठा दाखवा हो."

मागे उभं असलेलं कुणीतरी हसलं. बाबांनी छोटा कॅमेरा अलगद जागेवर ठेवला.

मोठ्याची लेन्स चांगली दुधी भोपळ्याएवढी होती. बाबांनी तो दोन्ही हातांनी उचलला, डोळ्याला लावला, आणि लेन्सचं टोक थरथरायला लागलं. त्यांनी कोपर बरगडीशी दाबून धरलं, तर थरथर खांद्यापर्यंत चढली.

"नीट धरा ना! पडेल तो!" थोरलीने उचलली जीभ लावली टाळ्याला. नुसतं बोलून थांबली नाही, कॅमेरा त्यांच्या हातातून हिसकावून घेतला.

बाबांनी दोन्ही हात झटकन पँटच्या खिशात घातले. फार दिवसांची सवय असावी तसे.

तेव्हा तिच्या डोक्यात उजेड पडला. गुडघे धरले म्हणून सलून बंद केलं, असं बाबा सांगत आले होते. तिने गुडघ्यांसाठी तेलाच्या बाटल्या आणून दिल्या होत्या. गुडघे कसले! या हाताने लोकांच्या गळ्यावर वस्तरा फिरवायची भीती वाटली म्हणून त्यांनी दुकानाला कुलूप लावलं, आणि घरात कुणाला कळू दिलं नाही. ते तिने आज चारचौघांत उघडं केलं होतं. तिला मेल्याहून मेल्यासारखं झालं.

"काका, तुमचा हात..." दुकानदाराने सुरुवात केली.

"अहो, कॅमेरा हिला घ्यायचाय," बाबा हसून म्हणाले. "मी आपला सोबत आलोय."

"असं होय! मग मॅडम, फोटो कशाचे काढणार?"

"जनावरांचे," थोरली म्हणाली खरी. पण एवढंच तिला ठाऊक होतं. कुठल्या जनावरांचे, हे तिने विचारलंच नव्हतं. बाबा काचेखालच्या किमती वाचत होते. लेकीची फजिती बघायला नको म्हणून.

"कॅमेरा बाबांनाच घ्यायचाय," ती दुकानदाराला म्हणाली. "कशाचे काढणार होता, बाबा?"

बाबांनी किमतींवरून नजर उचलली. म्हणाले, "पाणमांजर आहे तिथं एक. पिल्लं झालीत तिला. जरा खुट्ट झालं की पाण्यात पळतात."

तिने छोटा कॅमेरा बांधून घेतला.

बाहेर रस्त्यावर तिने पिशवी पुढे केली. ती घ्यायला बाबांना एक हात खिशातून काढावाच लागला. पिशवीचा कागद वाजत राहिला, आणि दोघांनीही तो ऐकू येत नसल्याचं सोंग केलं. 'चुकलं माझं' हे दोन शब्द तिच्या ओठांपर्यंत आले होते, पण तेवढ्यात बाबाच बोलले.

"थँक्यू हं."

असं ते आजवर फक्त गिऱ्हाइकांना म्हणत आले होते.