लाल डावीकडे, काळी उजवीकडे

मी एका शिडाच्या बोटीवरचा जुना कंपास आहे. तुमच्या दप्तरातला पेन्सिलीवाला नाही हां. दिशा दाखवणारा. सुकाणूच्या चाकासमोर एक खांब आहे, त्याच्या डोक्यावर मी बसतो. पोटात तेल, तेलात आकड्यांची गोल तबकडी. बोट कुठेही वळो, माझी तबकडी उत्तर सोडत नाही.

मित्रांनो, खरं सांगतो, माझा स्वभाव संशयी आहे. कारखान्यात मी तयार झालो तेव्हा तिथल्या बाईंनी मुद्दाम लोखंडाचा तुकडा माझ्याजवळ आणला, मग काढून घेतला, आणि मी परत जागेवर येतो का ते बघितलं. जन्मल्या जन्मल्या परीक्षा. तेव्हापासून कुणी काही जवळ आणलं की मी सावध होतो. चाव्या, चाकू, चष्म्याची डबी. सगळ्यांवर माझी नजर.

बोटीचे मालक म्हणजे बाबा. पंचवीस वर्षं त्यांनी मला जपलं. ओल्या फडक्याने काच पुसायचे, ऊन चढलं की वर टोपी घालायचे. पाहुण्यांना सांगायचे, घरातली माणसं थापा मारतील, हा नाही मारणार. मी फुगायचो. पुढे काचेवर चरे पडले, तेल पिवळं झालं. आणि गेल्या वर्षी माझ्याशेजारी स्क्रीन बसवायची ठरली. पाण्याची खोली आणि वाऱ्याचा वेग दाखवणारी. पाणी उथळ झालं की ओरडणारी.

मला तेव्हाच शंका आली.

वायरमन आला. त्याला सगळे टापटीप म्हणतात. त्याच्या डब्यातले स्क्रूसुद्धा उंचीप्रमाणे लावलेले. माझ्या खांबाच्या दोन्ही बाजूंना, धरायला म्हणून, एकेक पोकळ नळी वर येते. दोन नळ्यांच्या मधोमध मी. टापटीपने नळीतून दोरी सरकवली, दोरीला वायर बांधली, वायरला साबण चोळला आणि ओढून घेतली. लाल वायर डाव्या नळीतून. काळी उजव्या नळीतून. बाबांनी विचारलं, दोन्ही एकाच नळीतून का नाही नेत?

"काका, एकत्र केल्या की गुंता. लाल डावीकडे, काळी उजवीकडे. डोळे मिटून दुरुस्ती करता येईल."

बाबांना पटलं. नीटनेटकं काम बघितलं की माणसं प्रश्न विचारायचं सोडून देतात.

स्क्रीन लागली. दोघांनी माझ्याकडे वाकून बघितलं. आमची बोट धक्क्याला नाक उत्तरेकडे करून बांधलेली असते. माझी तबकडी जागची हलली नाही. झकास, म्हणाले, आणि चहाला गेले. पण मला आत जाणवत होतं. दोन्ही बाजूंनी कुणीतरी मला पुढे ओढत होतं. ओढ उत्तरेकडेच होती म्हणून दिसत नव्हती, एवढंच.

बाबांच्या मुलीला एकटीने बोट न्यायची होती. बाबांची अट एकच. धक्क्यापासून पाण्यात तरंगणाऱ्या लाल बोयापर्यंत, सरळ पूर्वेला, नव्वद अंशांवर, नुसता कंपास बघून बोट ने. ते खाली केबिनमध्ये बसणार, वर बघणार नाहीत. जमलं तर पुढच्या वेळी एकटी जा. सकाळी धुकं होतं. बाबा म्हणाले, बरंच झालं, बोया बघून फसवता येणार नाही.

तिने माझ्यावरची नजर काढली नाही. मी शपथेवर सांगतो. नाकावर माशी बसली तरी हलली नाही. वीस मिनिटं नव्वद म्हणजे नव्वद. आणि एकदम स्क्रीन किंचाळायला लागली. बाबा धावत वर आले, चाक हिसकावलं, बोट गर्रकन फिरवली. उजवीकडे खडक, हाताच्या अंतरावर. जिच्यावर मी डूख धरून होतो तिनेच आम्हाला वाचवलं, हे मला कबूल करावं लागेल.

"मोबाईल बघत होतीस ना?" बाबा म्हणाले.

"नाही बाबा. नव्वदवरच होते."

"मग खडक काय आपल्याला भेटायला आला?"

धक्क्याला लागल्यावर बाबांनी मला तपासलं. बोटीचं नाक उत्तरेला, मी उत्तरेला. झालं, मी निर्दोष. पोरगी थापाडी. ती वळून निघून गेली, आणि मला तोंड नाही.

पंधरा दिवसांनी लख्ख उन्हात बाबा स्वतः चाकावर होते. पूर्वेलाच निघालो होतो. ती समोर हाताची घडी घालून बसली होती.

"नव्वदवर आहात?"

"हो."

"मग नाक खडकांकडे कसं?"

बाबा म्हणाले, भरती ओढत असेल. ती म्हणाली, त्या दिवशी भरतीला सुट्टी होती का? बाबा वाकून माझे आकडे बघायला लागले. स्क्रीनची चकाकी काचेवर येत होती म्हणून त्यांनी ती बंद केली. आणि माझी तबकडी दहा अंश सरकली. बोट मात्र सरळच जात होती.

"हा गेला कामातून," बाबा म्हणाले. "काढून टाकू."

पंचवीस वर्षं, आणि एका वाक्यात काढून टाकू.

ती उठली आणि तिने स्क्रीन चालू केली. मी सरकलो. बंद केली. मी परत आलो. तीनदा केलं. बाबांनी एकदा डाव्या नळीला हात लावला, एकदा उजव्या नळीला, आणि मग टापटीपला फोन लावला.

दुसऱ्या दिवशी टापटीप आला. त्याने लाल आणि काळी वायर वेणीसारखी एकमेकींभोवती पिळली आणि दोन्ही एकाच नळीतून नेल्या. वीज वाहिली की वायर चुंबकासारखी ओढते; आता एकीची ओढ दुसरी खोडते. तो खालमानेने म्हणाला, माझंच शहाणपण नडलं. मग बोटीचे दोर सोडून ती पूर्वेला वळवून बांधली, कारण ओढ तिकडे तोंड असतानाच दिसायची, स्क्रीन चालू-बंद केली. मी ढिम्म.

बाबा टापटीपशीच बोलले, मुलीकडे न बघता. "हिने सरळच धरलं होतं. मीच..." त्यांनी बोटीची किल्ली काढून तिच्यापुढे धरली. तिने ती लगेच घेतली नाही. घेतली, पण लगेच नाही.

मित्रांनो, माझी काच पुसा, माझ्याजवळ मोबाईल ठेवू नका, आणि संशय जरूर घ्या, माझ्यावरसुद्धा. पण कुणी म्हणालं, मी सरळच होते, तर तिला खोटी ठरवण्याआधी एकदा बोट वळवून बघा.