हॅरोलॉची सोडत

बाळांनो, एक टोपी डोळ्यांपुढे आणा. जाड काळ्या कापडाची, चपटी, घामानं कडक झालेली. ती उलटी धरा, तिच्यात चौदा पितळी बिल्ले टाका आणि हलवा. आला आवाज? आता असं समजा की हातात लोकरीचा मोजा घालून त्यातला एकेक बिल्ला तुम्हाला बाहेर काढायचाय, आणि सगळं गाव तुमच्या हाताकडे बघत बसलंय. त्या चौदांत एक बिल्ला असा आहे, की तो आजोबांच्या नावावर निघाला तर त्यांची बाग राहील. नाहीतर सुटायची भीती.

लिनेट हेडली दहा वर्षांची असताना तिच्यावर हीच वेळ आली.

हॅरोलॉ हे इंग्लंडच्या डरहॅम परगण्यातलं उतारावरचं खेडं. तिथली कोळशाची खाण बंद होऊन अकरा वर्षं झाली होती. चाक उतरवलं, यंत्रं भंगारात गेली, कोठीघरात मेंढ्या बसू लागल्या. खाणीच्या सवयी मात्र गावातून गेल्या नाहीत. ग्रामपंचायतीकडे भाजीपाल्याच्या जमिनीचे चौदा तुकडे होते. पहिला तुकडा फाटकापाशी, नळाला लागून. तिथून चढण सुरू व्हायची ती चौदाव्यापर्यंत, आणि चौदावा पार वर, खाणीतून काढलेल्या टाकाऊ दगडांच्या ढिगाऱ्याला टेकलेला. तिथं पाणी झारीनं चढवायचं. वारा तेवढा फुकट.

कुणाला कुठला तुकडा, हे दर तीन वर्षांनी सोडतीनं ठरायचं, कारण खाणीतही असंच चाले. दर तीन महिन्यांनी टोपीतून बिल्ले निघायचे आणि कोण कुठल्या जागी कोळसा तोडणार ते ठरायचं. शेजारची गावं हसायची. "तीन वर्षं शेण घालून माती लोण्यासारखी करायची आणि मग शेजाऱ्याला देऊन टाकायची! हॅरोलॉवाल्यांच्या डोक्यात सुद्धा कोळसाच भरलाय." हॅरोलॉवाले कुणाशी वाद घालत नसत. पण त्यांच्या चौदा तुकड्यांत एकही तुकडा उजाड दिसायचा नाही. पुढच्या खेपेला आपल्या वाट्याला कुठला येईल हे कुणालाच ठाऊक नसे, म्हणून कुणी कुठला तुकडा मरू देत नसे.

बिल्ले खाणीतलेच होते. त्यांच्यावर इंग्रजी आकडे खोदलेले, बोटाला कळतील असे. म्हणून काढणाऱ्यानं जाड मोजा घालायचा, असा रिवाज. आणि काढायचं एखाद्या मुलानं. मुलाच्या हाताला कुणाशी देणंघेणं नसतं, असं म्हणत. या खेपेला पाळी लिनेटची होती. मोजा आठवडाभर आधी घरी यायचा, धुऊन वाळवायला.

आणि त्याच आठवड्यात एकदा जेवताना आजोबा बोलून गेले.

लिनेटचे आजोबा सेप हेडली, वय वर्षं अडुसष्ट. चाळीसच्या वर वर्षं जमिनीखाली काढलेली. छाती अशी वाजायची की ते स्वयंपाकघरात आले की पाणी उकळलं असं वाटून आई चहाची किटली आधी बघायची. डॉक्टरांनी पाण्याची झारी घेऊन चढ चढायला साफ मनाई केली होती. आजोबांना लीकचा नाद. कांद्याच्या पातीची थोरली बहीण म्हणावी अशी ही भाजी, पण आजोबांच्या हातची एकेक लीक मनगटापेक्षा जाड आणि दुधासारखी पांढरी. सोडतीचं नशीब मात्र त्यांना कधी लाभलं नव्हतं. गेल्या खेपेला तेरा, त्याआधी बारा.

"या वेळी वरचा आला," आजोबा म्हणाले, "तर मी नाव काढून घेणार. लीक दुसऱ्या कुणीतरी लावावी."

ते म्हणाले सहज. पण मग काट्यानं ताटातलं डुकराचं मांस इकडून तिकडे सरकवत राहिले, आणि पिवळ्या वाटाण्याचं घट्ट वरण तसंच थंड झालं. आईनं बघितलं नाही. लिनेटनं बघितलं.

दुसऱ्या दिवशी शाळेतून आल्यावर तिनं आईची सुई घेतली आणि मोज्याच्या टोकाशी दोन टाके उसवले. दोनच. पहिल्या बोटाचं टोक बाहेर येईल एवढं.

सोडतीच्या संध्याकाळी कामगारांच्या सभागृहात गाव जमलं. पंचायतीचे कारकून विल्फ ट्वेडल नाकावर चष्मा ठेवून बसले. त्यांच्यापुढे नावांची टोपी, लिनेटपुढे बिल्ल्यांची.

"मॅटी ओ'हेअर!" विल्फकाकांनी पहिलं नाव वाचलं.

"देवा, नळाजवळचा दे," मॅटी मागून ओरडला. "माझी बायको म्हणते मी पाण्यापासून लांबच राहतो, अंघोळीला सुद्धा."

हशा झाला. लिनेटचा हात टोपीत गेला. बोटाचं टोक बाहेर आलं आणि पितळेवरून फिरलं. एक गोल... दोन आकडे जवळजवळ... आणि मग एक सरळ रेघ, एकटीच. तिनं ती रेघ बाजूला सारली आणि दुसरा बिल्ला काढला.

"सात!"

"सात म्हणजे अर्धी अंघोळ," कुणीतरी म्हणालं.

नाव निघत गेलं, आकडा निघत गेला. दर वेळी ती एकटी रेघ तिच्या बोटाला लागायची आणि दर वेळी ती तिला टोपीच्या शिवणीकडे ढकलायची. दहा वेळा. अकरावं नाव निघालं.

"सेप्टिमस हेडली."

सगळ्या माना आजोबांकडे वळल्या. सेपच्या छातीचं सगळ्यांना ठाऊक होतं. लिनेटनं बिल्ला वर काढला आणि विल्फकाकांच्या हातात दिला. त्यांनी चष्मा नीट केला.

"एक नंबर!"

आधी मॅटीनं बाक बडवला, मग सगळ्यांनीच. आजोबा उठून उभे राहिले, टोपी काढली, परत घातली, आणि कुठं बघावं हे न कळून खिडकीकडे बघू लागले.

शेवटचं नाव बेला कूल्थर्ड यांचं. बेलाकाकू विधवा, चार नंबरच्या गल्लीतल्या, रेल्वेच्या कपडे धुण्याच्या कारखान्यात कामाला. टोपीत एकच बिल्ला उरला होता, तेव्हा तो काढायलाही नको होता. सगळ्यांना माहीत होतं.

"चौदा," विल्फकाका हळूच म्हणाले.

"चला, दंड घट्ट होतील," बेलाकाकू हसून म्हणाल्या. "तुम्हा बाप्यांपैकी कुणी वाटेत आडवा आला तर उचलून बाजूला ठेवीन." त्यांनी लिनेटच्या गालाला हात लावला. "घाबरू नकोस गं. सोडत ती सोडत. तू काय करणार?"

त्या रात्री लिनेटला झोप लागली, पण सकाळी जाग आली ती त्याच वाक्यानं. तू काय करणार?

शनिवारी आजोबा तिला घेऊन एक नंबरच्या तुकड्यावर गेले. त्यांनी नळ सोडला, बंद केला, पुन्हा सोडला.

"ऐकतेस? किती सोप्पा आवाज आहे," ते म्हणाले. मग दोरी बांधून लीकसाठी चर आखू लागले. मध्येच दम खायला थांबले आणि बोलू लागले. "अडतीस साली मला ओली जागा आली होती. कंबरेपर्यंत पाणी, आणि वरचा दगड इतका खाली की कुशीवर पडून कोळसा तोडायचा. तीन महिने. तेव्हाच खोकला लागला. मुकादम मला म्हणाला, 'सेप, पोरा, कोरड्या जागेवर तुझं नाव टाकतो, कुणाला कळणार नाही.'"

"मग?"

"मी नको म्हटलं."

"का?"

"त्याचं असं आहे बघ." आजोबांनी फावडं मातीत रोवलं आणि त्याच्यावर रेलले. "माझ्या खापरपणजोबांच्या वेळी सोडत नव्हती. जो मुकादमाच्या घरी कोंबडी पोचवील त्याला कोळशाचा जाड थर. ज्याच्याकडे कोंबडी नाही त्याला पाणी. भांडून भांडून लोकांनी सोडत मिळवली. मालकाचा हात टोपीत जाणार नाही, एवढी एकच गोष्ट आमची होती. आणि मी कोरड्यात गेलो असतो तर माझ्या ओल्यात कोण गेलं असतं? मुकादमानं ते सांगितलं नाही. मीही विचारलं नाही."

त्यांनी दोरी ताणून बघितली. "मोठा शहाणा होतो असं समजू नकोस. त्या तीन महिन्यांत रोज पहाटे स्वतःला शिव्या घालायचो. पण आज बघ! एवढ्या वर्षांनी टोपीला माझी आठवण झाली."

लिनेटच्या हातात दोरीचं टोक होतं. ते तिनं खाली ठेवलं.

"आजोबा, टोपीला नाही झाली."

"म्हणजे?"

तिनं सांगितलं. सुई, दोन टाके, एकटी रेघ. आजोबांनी बादली पालथी घातली आणि तिच्यावर बसले. 

"माझं नाव अकरावं होतं," ते म्हणाले. "तोवर?"

"बाजूला सारत होते."

"दहा वेळा?"

"दहा वेळा."

"हं."

ते ओरडले असते तर तिला बरं वाटलं असतं. ते नुसते नळाकडे बघत होते.

"तुम्ही बाग सोडणार म्हणालात," लिनेट म्हणाली. "जेवला पण नाहीत."

"म्हणालो होतो खरं." त्यांनी तिला जवळ ओढलं. त्यांच्या कोटाला माती आणि तंबाखूचा वास होता. "ते माझं चुकलं. दहा वर्षांच्या पोरीच्या पानात वाढायची गोष्ट नव्हती ती. पण मोजा तू उसवलास. माझं मी बघतो, तुझं तुला बघावं लागेल."

"मग आता?"

"आता काय, सोडत पुन्हा."

"आणि चौदा आला तर?"

"तर चौदा. बेला हसली तसं मला हसता येतंय का बघू."

लिनेटनं बाहीनं नाक पुसलं. "मी बेलाकाकूंची माफी मागते."

"माग. पण बेलाला चौदा एरवीही आला असता कदाचित. एक नंबर नक्की कुणाचा होता, सांग बरं?"

तिनं विचार केला. मॅटीकाकांचा असता, पहिल्याच हाताला. किंवा तिसऱ्या नावाचा. किंवा बेलाकाकूंचाच. किंवा, आणि हे तिला सगळ्यांत वाईट वाटलं, खरोखरच आजोबांचा असता, आणि मग टोपीनं त्यांची आठवण खरंच ठेवली असती.

"ते आता कळणारच नाही," ती म्हणाली.

"नाही कळणार. खाणीत कुणाची कोळशाची टोपली चोरली तर ती उचलून परत देता येते. हे कुणाला परत देणार?"

खाली गाव दिसत होतं. विटांच्या रांगा, रांगांवर धुराडी, धुराड्यांतून कोळशाचा धूर सरळ वर जात होता. लिनेट नावं आठवू लागली. विल्फकाकांनी वाचली त्या क्रमानं. आजोबा सोडून तेरा.

"तेरा घरं," ती म्हणाली.

आजोबांनी तिच्याकडे बघितलं. बघता बघता त्यांच्या कपाळावरची आठी जरा सैल झाली.

"मी येऊ बरोबर?"

तिनं त्यांच्या छातीकडे बघितलं, मग दोन नंबरच्या गल्लीकडे जाणाऱ्या वाटेकडे.

"नको. परतताना चढ आहे."

दोन नंबरच्या गल्लीत पहिलं दार मॅटी ओ'हेअरचं. त्यानं ते उघडलं तेव्हा अर्ध्या गालाला साबणाचा फेस होता आणि हातात वस्तरा.

"काय गं? आजोबा बरे आहेत ना?"

"बरे आहेत. मॅटीकाका, मी सोडतीत लबाडी केली. मोज्याला भोक पाडलं होतं. मी विल्फकाकांनाही सांगणार आहे, पुन्हा सोडत करा म्हणून. पण आधी तुम्हाला सांगायला आले."

मॅटीच्या हातातला वस्तरा खाली आला. "म्हणजे नळाजवळचा माझा होता?"

"माहीत नाही. असेल."

"असेल?" फेसाचा एक गोळा त्याच्या सदऱ्यावर पडला. "अगं, मग मी चिडू कसं? चिडायला नीट काहीतरी कारण द्यावं की माणसानं!"

"सगळ्यांनाच मी हेच सांगणार आहे," लिनेट म्हणाली. "मला माफ करा."

मॅटीनं तिच्याकडे बघितलं. आत त्याची बायको विचारत होती, कोण आलंय, दार लावा, गारठा येतोय. त्यानं सदऱ्यावरचा फेस पुसला. माफ केलं म्हणाला नाही, नाही असंही म्हणाला नाही. त्यानं हळूच दार लावून घेतलं.

लिनेट पायरीवर क्षणभर थांबली. मग खाली उतरली, शेजारच्या पायरीवर चढली, आणि दुसरं दार वाजवलं.