मागल्या दाराचं जेवण

मांडवी बंदरावर येसूबाईची खानावळ चांगली चालायची. मुंबईच्या बोटीतून उतरलेला चाकरमानी तिच्याकडे दोन घास खाऊनच गावची वाट धरी. नवरा गेल्यावर त्या चुलीच्या जोरावर तिने दोन मुली उजवल्या होत्या.

एकोणीसशे एकवीस साली वैशाखात बोटीबरोबर पटकीची साथ आली. तिसऱ्याच दिवशी बोटीतून उतरलेला देवरूखकडचा एक चाकरमानी, गंगाराम, तिच्या ओसरीवर कोसळला. होडीवाले म्हणाले, वाळूत नेऊन ठेव. शेजारच्या चहावाल्या आप्पाने दाराला कडी घातली. येसूबाईने गंगारामला पडवीत घेतलं, उकळलेलं पाणी मीठ घालून थोडंथोडं पाजलं, त्याची घाण काढली. सहाव्या दिवशी तो उठला आणि बैलगाडीने घरी गेला.

तोवर शिजवलेलं अन्न विकायला बंदी आली. पाठोपाठ पाऊस लागला, बोटी थांबल्या. ऐन हंगाम बुडाला, पण तो सगळ्यांचाच, अशी तिने मनाची समजूत घातली.

नारळी पौर्णिमेनंतर बोटी सुरू झाल्या. माणसं आली ती सरळ आप्पाकडे. आप्पा आता भातही वाढू लागला होता. पटकी येसूबाईच्या घरातून पसरली, असं जो तो म्हणत होता. तिच्या घरात दुसरं कुणी आजारीसुद्धा पडलं नव्हतं, पण ते ऐकून घेतो कोण? रोज टोपभर भात उरायचा.

एक दिवस गंगाराम चार गाववाल्यांना घेऊन आला. येसूबाईच्या जिवात जीव आला. आता हाच लोकांना सांगेल, म्हणून तिने लगबगीने पाच पानं मांडली. गंगाराम पाया पडला, नारळ ठेवला आणि उभाच राहिला.

"बस ना रे," ती म्हणाली.

"काकी, तुझ्यामुळं जगलो. पण ह्यांचं मन घेत नाय." मग खाली बघत तो हळूच म्हणाला, "माझं पण घेत नाय गो."

दिवाळीनंतर तिने खानावळ मोडली. आप्पाला रांधणं जमत नव्हतं, गिऱ्हाईक कुरकुरत होतं. तो येऊन म्हणाला, माझ्याकडे रांध, मागल्या दाराने ये, पुढे मात्र कुणाला दिसू नको. त्याच्या तोंडावर थुंकावं असं तिला वाटलं. चार दिवस ती घरातच बसून राहिली. पाचव्या दिवशी मागल्या दाराने आत शिरली.

शिमग्याला गावी जाताना गंगाराम आप्पाकडे जेवायला बसला. कुडाआडून तिने आवाज ओळखला. असं कुळथाचं पिठलं साऱ्या बंदरावर मिळायचं नाय, असं तो आप्पाला सांगत होता. त्याने आणखी मागितलं.

येसूबाईने वाटी भरली आणि आप्पाच्या हातात दिली.