गट बसला आहे

औषधांच्या चाचण्या तपासण्यात उभी हयात गेल्यामुळे बाईंना एक खोड जडली होती. कोणी काही ठामपणे सांगितले, की त्यांच्या तोंडून आपोआप “पुरावा?” असा प्रश्न बाहेर पडे. न्हाणीघरात पाय घसरून त्या पडल्या तेव्हा मात्र पुरावा त्या स्वतःच होत्या.

हाड मोडले नाही, खरचटलेही नाही. अडचण वेगळीच होती: त्यांना उठता येईना. दूधवाल्याने बेल वाजवून, शेवटी शेजाऱ्यांकडची किल्ली आणेपर्यंत त्या थंड फरशीवर पडून राहिल्या, आणि वॉशबेसिनच्या खालची बाजू जन्मात कधी पुसली गेलेली नाही, एवढे निरीक्षण तेवढ्यात करून घेतले. दुष्परिणाम लपवणे हा त्यांच्या लेखी सर्वांत मोठा गुन्हा. त्यामुळे उठवल्याबरोबर त्यांनी मुलाला फोन करून सगळे साग्रसंगीत सांगितले. हा प्रामाणिकपणा त्यांना महागात पडला.

मुलगा आला आणि पंचनामा करावा तसे न्हाणीघर पाहून म्हणाला, “आई, पुन्हा एकदा पडलीस की संपलं. चंबूगबाळं उचलायचं आणि आमच्याकडे यायचं.”

“एका घटनेवरून निष्कर्ष काढतोयस तू.”

“तू माझी आई आहेस. नमुना नाहीस.”

मुलाच्या घरी एक खोली रिकामी होती. म्हणजे तिच्यात टॉवेल वाळत घालायची एक व्यायामाची सायकल होती आणि शेजारच्या भिंतीकडे उघडणारी खिडकी होती. सुनेबद्दल बाईंची तक्रार नव्हती. तक्रार त्या खोलीबद्दल होती. आपल्या घरात त्या राहत होत्या. तिथे त्यांना ठेवले गेले असते.

तोवरची तात्पुरती सोय म्हणून मुलाने त्यांचे नाव आरोग्य केंद्राच्या चालण्याच्या गटात घातले. वृद्धांनी एकत्र चालावे आणि त्यामुळे पडू नये, अशी ती योजना. केंद्राच्या दारात हसऱ्या म्हाताऱ्यांचे मोठे छायाचित्र लावले होते आणि खाली लिहिले होते: ‘आमच्या गटात आजवर एकही व्यक्ती पडलेली नाही!’

“एकही नाही?” बाईंनी व्यायाम शिकवणाऱ्या ताईला विचारले. “या वयाची इतकी माणसं, इतके दिवस चालतात, आणि एकही नाही? मग एक तर तुम्ही चमत्कार केलाय किंवा मोजलेलं नाही. आणि नुसत्या चालण्याने पडणं कमी होतं याचा पुरावा तसा पातळच आहे. तोलाच्या आणि पायांच्या ताकदीच्या व्यायामांचा जरा बरा आहे.”

“आजी, तुम्ही आधी बुटाची नाडी बांधा,” ताई म्हणाली.

त्या दिवसापासून गटात त्यांचे नाव पुरावाबाई पडले.

गटाच्या अग्रभागी कंट्रोलर चालत. बस डेपोत गाड्या सोडण्यात त्यांचा जन्म गेला होता, आणि निवृत्त होताना शिट्टी परत करायची ते सोयीस्करपणे विसरले होते. एक शिट्टी म्हणजे चला, दोन म्हणजे थांबा. तिसऱ्या प्रकारची, लांबलचक शिट्टीही होती. तिचा अर्थ बाईंना दुसऱ्या आठवड्यात कळला.

गटातले दातांचे डॉक्टर बाईंच्या पुढे चालले होते. वर आलेल्या एका फरशीला त्यांचा बूट अडकला आणि ते पदपथावर आडवे झाले. तत्क्षणी लांब शिट्टी वाजली. आणि सगळा गट, जो जिथे होता तिथे, खाली बसला. कोणी मांडी घातली, कोणी पाय पसरले, शिवणकाम करणाऱ्या काकूंनी पिशवीतून पाण्याची बाटली काढली. मागून ताई पोचली तेव्हा पदपथावर सहलीला आल्यासारखी मंडळी बसली होती आणि त्यांच्या मध्यभागी डॉक्टर कोपर चोळत होते. खांबासारख्या उभ्या होत्या त्या एकट्या बाई.

“काय झालं?” ताईने विचारले.

“गट बसलाय,” कंट्रोलर म्हणाले. “विश्रांती.”

“गट बसला नाही,” बाई म्हणाल्या. “हे पडले.”

ताईला अचानक आपल्या फोनमध्ये काहीतरी महत्त्वाचे दिसले. नकळत जमिनीवर येणे म्हणजे पडणे, अशी केंद्राची व्याख्या होती; जाणूनबुजून बसणे तिच्यात मोडत नव्हते, आणि इतक्या बसलेल्यांमधून एक पडलेला निवडून काढणे हे ताईच्या कामात मोडत नव्हते.

काकूंनी बाईंचा पदर ओढला. “बसा की हो. एकट्या उभ्या राहून आम्हाला सगळ्यांना खोटं पाडताय.”

“खोटं आहेच ते.”

“डेपोत अपघात वेगळा आणि विलंब वेगळा,” कंट्रोलर शांतपणे म्हणाले. “हा विलंब आहे.”

डॉक्टर खालूनच बोलले, आणि त्यांच्या आवाजात नेहमीची ऐट नव्हती. “बाई, मी पडलो हे घरी कळलं तर मुलगी माझ्या घराला कुलूप लावेल. खोली तयार ठेवलीय तिने.”

“सायकल आहे का तिच्यात?” बाईंनी विचारले.

“सायकल नाही. इस्त्रीचं टेबल.”

मग एकेकाने सांगितले. कोणाच्या खोलीत जुने कपाट होते, कोणाच्या नातवाचा ड्रमसेट. कंट्रोलरांना तर जिन्याखालची जागा सुचवण्यात आली होती. सगळ्यांना घरच्यांनी एकच शिक्षा सुनावली होती: आणखी एकदा पडलात की खोली.

बाईंचे मन द्रवले; तत्त्व द्रवले नाही. पुढच्या प्रत्येक लांब शिट्टीला त्या उभ्याच राहिल्या. पण कोणी विचारलेच नाही, तर आपण होऊन काही सांगायचे नाही, एवढी तडजोड त्यांनी केली. आपल्याच हुशारीवर त्या काही काळ खूश होत्या. मग त्यांच्या लक्षात आले, की औषध कंपन्याही नेमके हेच करतात.

एकदा या प्रश्नावर काकूंशी नीट वाद घालावा म्हणून, केवळ त्यासाठीच, त्या पदपथावरच्या बाकाशेजारी खाली बसल्या. वादात त्या जिंकल्या. पण ‘चला’ची एक शिट्टी होऊन गट उठला तेव्हा न्हाणीघरातली तीच अवस्था पुन्हा: पाय आपले, पण ऐकायला तयार नाहीत.

“हात द्या,” त्या म्हणाल्या.

“हात कोणी देत नाही इथे,” काकू म्हणाल्या. “दोघी पडलो तर... दोघी बसलो तर कसं व्हायचं? आधी कुशीवर व्हा. आता रांगायला लागल्यासारखं करा. अहो लाजताय काय, सगळ्यांनी रांगूनच सुरुवात केलीय. हं, हात बाकावर. एक पाय पुढे. घाई नको.”

बाई उठल्या. आणि उठता उठता त्यांना एक गोष्ट दिसली, जी त्यांना पहिल्या दिवशीच दिसायला हवी होती. या गटात माणसे पडत होती, बाहेरच्या कोणत्याही गटात पडतील तेवढी. पण फसवणुकीच्या निमित्ताने सगळा गट आठवड्यातून दोनदा तरी जमिनीवर बसत होता आणि आपला आपण उठत होता. केंद्राच्या योजनेत व्यायाम म्हणावा असा प्रकार एकच होता, आणि तो योजनेत नव्हता. बाईंचा इतका संताप झाला, की घरी जाऊन त्या गालिच्यावर बसल्या आणि उठल्या. पुन्हा बसल्या, पुन्हा उठल्या. हे त्यांनी कोणाला सांगितले नाही.

पुढे केंद्राने नातलगांसाठी एक दिवस ठेवला: ‘आपल्या आजी-आजोबांसोबत चाला.’ मुले, मुली, सुना, जावई, सगळे नवेकोरे बूट घालून आले. बाईंचा मुलगाही आला. सांध्यांना आधार देणाऱ्या त्या बुटांच्या किमतीबद्दल तो डॉक्टरांच्या मुलीशी बोलत होता. गट निघाला, ती वर आलेली फरशी आली, आणि इतके दिवस तिच्याबद्दल सगळ्यांना बजावत आलेल्या बाईंचाच पाय तिला अडकला.

त्या गुडघ्यांवर आणि हातांवर आल्या, मग एका अंगावर कलंडल्या. लांब शिट्टी वाजली. गट बसला.

उभे राहिले ते सगळे नातलग.

“हे काय चाललंय?” डॉक्टरांची मुलगी म्हणाली.

“विश्रांती,” कंट्रोलर म्हणाले.

“रस्त्यात?”

बाईंचा मुलगा जवळ आला. “आई, तू पडलीस?” आणि आईचा स्वभाव ठाऊक असल्यामुळे पुढे म्हणाला, “तू सांग. तू खोटं बोलत नाहीस.”

प्रश्न विचारला गेला होता. तडजोडीची मुदत संपली. बाईंनी आजूबाजूला पाहिले. काकू बाटलीचे झाकण उगाच उघडत-लावत होत्या. डॉक्टर आकाशाकडे बघत होते. ताई पुन्हा फोनमध्ये काहीतरी शोधत होती.

“पडले,” बाई म्हणाल्या.

गटातून एक उसासा निघाला.

“मी पडले. बाकीचे बसलेत.”

“बाबा!” डॉक्टरांची मुलगी गरजली. “तुम्ही पडला नाहीत ना?”

“मी बसलोय,” डॉक्टर म्हणाले, आणि त्या घटकेला ते अक्षरशः खरे होते.

“झालं तर मग,” मुलगा म्हणाला. त्याने आईच्या काखेत हात घातले. “ऊठ. मी तुला वर खेचतो. संध्याकाळी सामान—”

“हात काढ.”

“आई, हट्ट नको.”

“हात काढ आणि बघ. मागच्या वेळी मी पडले ते खरं, पण तू घाबरलास ते मी उठले नाही म्हणून. तू चुकीची गोष्ट मोजत होतास. मीही.” बाई कुशीवर झाल्या, रांगत्या झाल्या, शेजारच्या बाकाच्या कडेवर हात टेकले, एक पाय पुढे घेतला आणि उभ्या राहिल्या. केस सारखे केले. “पुरावा.”

“योगायोग असेल,” मुलगा म्हणाला. शेवटी तो त्यांचाच मुलगा होता.

“मग पडताळून बघ. बस खाली आणि ऊठ. हात कोणी द्यायचा नाही.”

त्याने हसून चारचौघांकडे पाहिले आणि खाली बसला. बसणे जमले. मग त्याने दोन्ही तळवे जमिनीला लावले, पुढे झुकला, मागे झुकला, आणि पोट मध्ये येते हे कळल्यावर पुन्हा जमिनीशी तडजोड केली. महागडे बूट आकाशाकडे बघत राहिले. म्हातारी मंडळी एकेक करून त्याच्याभोवती उठून उभी राहिली, अगदी सहज, जणू मुद्दामच.

“ताई,” कंट्रोलरांनी आदराने विचारले, “नातलग गटात मोजायचे की बाहेर?”

“आई, हात दे ना.”

“आधी कुशीवर हो,” बाई म्हणाल्या.

तो कुशीवर झाला. रांगता झाला. पदपथावर चार पायांवर असताना, खाली मान घालून, जरा धापा टाकत तो म्हणाला, “तसंही... त्या खोलीत जागा कुठे आहे. ती सायकल आहे.”

“टॉवेल काढ तिच्यावरचे,” बाई म्हणाल्या. “आता हात बाकावर. घाई नको.”