एक हजार एकवीस पानांची पंगत

चंपतरावांच्या पोटात सकाळपासून अन्नाचा कण नव्हता. एकोणीसशे तेवीसचं साल. सीताबर्डीच्या पल्याड त्यांच्या संत्र्याच्या बागेत लेक जयवंता हिचं लग्न लागलं होतं आणि व्याही गणपतराव कन्हानहून येताना एक अट घेऊन आले होते. मागं कुठल्याशा लग्नात त्यांना शेवटच्या पंगतीत तिघांतच बसवलं होतं. तो अपमान अजून त्यांच्या घशाखाली उतरला नव्हता.

"साऱ्या पंगती सारख्या पाहिजेत," ते म्हणाले. "एक बी लंगडी दिसली, तर मी जेवत नाई अन् पोरगी बी नेत नाई."

आता बोला. जेवणाऱ्या दर माणसामागं एक सुपारी टोपलीत टाकून मोजायची रीत. सुपाऱ्या निघाल्या एक हजार नऊ. शाळेत गणित शिकवणारे बाबाराव मास्तर पाहुण्यांतच होते. त्यांनी मातीत काडीनं भागाकार मांडले आणि त्यांचे डोळे भरून आले.

"मूळ संख्या हाये, चंपतराव. एक अन् ती स्वतः, बाकी कोणानंच भाग जात नाई. काय देखणी हाये."

"देखणी राहू द्या मास्तर, माह्या पोरीचं काय? थांबा, एक माणूस वाढवतो."

पण नागपुरात जेवायला एकटा येतो कोण? टांगेवाल्याला हाक मारली, तर तो बायको आणि दोन पोरं घेऊन आला. एक हजार तेरा. मास्तर म्हणाले, ही बी मूळ. मागाहून जेवणारे सहा वाजंत्री आत्ताच येऊन बसले. एकोणीस, मूळ. रस्त्यानं जाणारे दोघे पैलवान आले. एकवीस, तीही मूळ, मेली. बोलावलेल्याला उठवणार कसं? आणि घरची माणसं वाढायला, ती मोजणीतच नव्हती.

गणपतरावांनी निघायच्या तयारीनं पागोटं डोक्यावर ठेवलं.

"मास्तर," चंपतराव रडकुंडीला येऊन म्हणाले, "एकानं तर भाग जातो ना हिले? मग एकच पंगत मांडा."

मांडली. बागेभोवती गोल, पानाला पान लागून. पहिल्या पानावर गणपतराव आणि शेवटच्या पानावर, त्यांच्याच मांडीला मांडी लावून, मास्तर. गणपतरावांनी डावीउजवीकडं पाहिलं. लंगडं टोक कुठंच सापडेना.

"ठीक हाये," ते म्हणाले. "पण माह्या बाजूले व्याही पाहिजे."

"मग एक हजार बावीस होतात," मास्तर उत्साहानं म्हणाले. "पाचशे अकराच्या दोन पंगती. उठा सारे, नव्यानं मांडू."

चंपतरावांनी हातातली वरणाची बादली मास्तरांच्या हाती दिली आणि स्वतः त्यांच्या पानावर बसले. वरात निघेपर्यंत मुलीच्या बापानं जेवू नये म्हणतात. ते जेवले. पोरगी जाणार याचं सुख झालं आणि पोरगी जाणार याचंच रडू आलं, भात खारट लागला, तरी दोनदा मागून घेतला.

मास्तर वाढत राहिले. शेवटच्या पानाशी पोचावं, तर शेजारचे गणपतराव पुन्हा वरण मागत, अन् फेरी पुन्हा पहिल्यापासून. वरात निघाली तेव्हाही मास्तर बागेच्या पल्याड बादली घेऊन चालत होते, उपाशी.

"काय जी मास्तर, संख्या कशी वाटून राहिली?" चंपतरावांनी त्यांना गाठून विचारलं.

"देखणीच हाये," मास्तर म्हणाले. "पण लांब हाये."